नाव न घेतलेले पदार्थ

१४ जानेवारी १९७७ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी सिनेटच्या एका समितीने पत्रकारांपुढे एक अहवाल ठेवला. ‘अमेरिकेसाठी आहाराची उद्दिष्टं’ असं त्याचं शीर्षक. समितीचे अध्यक्ष होते साउथ डकोटाचे सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न. १९७२ मध्ये निक्सन यांच्याविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवून हरलेले. ही समिती मुळात १९६८ मध्ये नेमली गेली ती भुकेच्या प्रश्नावर. गरिबांच्या ताटात काय पडतं याचा शोध घेता घेता तिच्या लक्षात आलं, की ज्यांना पोटभर मिळतं त्यांच्याही ताटात काहीतरी बिघडलं आहे. हृदयविकाराने माणसं ऐन कर्त्या वयात जात आहेत. समितीने मग कोणालाही कळेल अशा भाषेत सांगून टाकलं: मांस कमी खा. लोणी आणि अंडी कमी करा. साखर, मीठ कमी करा. फळं, भाज्या, धान्यं वाढवा.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात अहवालाची सुधारित आवृत्ती निघाली. तिच्यात ‘मांस कमी खा’ हे वाक्य नव्हतं. त्याऐवजी आलं ते असं: प्राणिज चरबी कमी करा, आणि सॅच्युरेटेड फॅटचं प्रमाण घटेल अशा बेताने मांस, कोंबडी, मासे यांची निवड करा. मिठाची मर्यादा दिवसाला ३ ग्रॅम होती, ती ५ ग्रॅम झाली.

मधल्या अकरा महिन्यांत काय घडलं, ते सुनावण्यांच्या नोंदींत वाचायला मिळतं. गुरंपालक, अंडी उत्पादक यांच्या संघटनांनी आपलं म्हणणं ऐकून घेण्याची मागणी केली आणि समितीला पुन्हा बसावं लागलं. मॅकगव्हर्न यांचं राज्यच गुरांच्या पैदाशीवर जगणारं. एका सुनावणीत कॅन्ससचे सिनेटर बॉब डोल यांनी गुरंपालक संघटनेच्या अध्यक्षांना विचारलं, की ‘कमी चरबीचं मांस जास्त खा’ असं लिहिलं तर तुम्हाला चालेल का? अध्यक्षांचं उत्तर सरळ होतं: आमची अडचण ‘कमी खा’ या शब्दांशी आहे. वर्ष संपता संपता ही समितीच गुंडाळली गेली आणि तिचं काम सिनेटच्या कृषी समितीकडे गेलं. पुढे १९८० मध्ये मॅकगव्हर्न स्वतःची जागाही हरले. त्या पराभवाला इतर कारणं भरपूर होती, तो एकट्या मांसाच्या माथी मारणं बरोबर नाही. पण सिनेटमधल्या इतरांनी यातून काय धडा घेतला असेल, हे सांगायला नको.

सरकारी आहारसल्ला कसा घडतो, हा या पुस्तकाचा विषय आहे. त्यात शिरण्याआधी १९७७ ची ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून पाहावीत, अशी माझी वाचकांना विनंती आहे. पहिल्या वाक्यात एका पदार्थाचं नाव आहे. दुसऱ्यात त्याच पदार्थातल्या एका घटकाचं. बाजारात जाऊन कोणीही सॅच्युरेटेड फॅट विकत घेत नाही. माणूस मटण घेतो, बिस्किटाचा पुडा घेतो, पाव किलो फरसाण घेतो. सल्ल्यातून पदार्थाचं नाव गेलं की तो सल्ला पाळायचा कसा हे घरातल्या बाईला कळत नाही, आणि विकणाऱ्याचंही काही बिघडत नाही. उलट त्याला नवी वाट सापडते. चरबी कमी केलेलं दही साखर घालून विकता येतं, आणि पुडक्यावर ‘लो फॅट’ असं मोठ्या अक्षरांत छापता येतं.

पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत ही रीतच पडून गेली. ‘जास्त खा’ म्हणायचं असेल तेव्हा सरकार पदार्थाचं नाव घेतं: भाज्या खा, फळं खा, दूध प्या. ‘कमी खा’ म्हणायचं असेल तेव्हा मात्र रसायनशास्त्र बोलू लागतं: सोडियम, कोलेस्टेरॉल, ॲडेड शुगर. आहारशास्त्राच्या अभ्यासक मॅरियन नेसल यांनी ही गोष्ट अगदी जवळून पाहिली. १९८० च्या दशकात त्या अमेरिकी सर्जन जनरलच्या पोषणविषयक अहवालाच्या संपादक होत्या. त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे, की कामाच्या सुरुवातीलाच त्यांना सांगण्यात आलं होतं: संशोधन काहीही म्हणो, ‘मांस कमी खा’ असं या अहवालात येणार नाही. तो अहवाल १९८८ मध्ये निघाला. या अनुभवातून आणि पुढच्या अभ्यासातून २००२ मध्ये त्यांचं ‘फूड पॉलिटिक्स’ हे पुस्तक आलं. या विषयात लिहिणारा प्रत्येक जण त्या पुस्तकाचा ऋणी आहे.

हे केवळ लाच आणि दबाव यांचं प्रकरण आहे असं मानलं, तर त्याचं मूळ हाती लागत नाही. मूळ आहे सरकारी रचनेत. अमेरिकेचं कृषी खातं १८६२ मध्ये स्थापन झालं. शेतमालाला बाजार मिळवून देणं हे त्याचं काम, आणि लोकांनी काय खावं हे सांगणंही त्याचंच काम. विल्बर ॲटवॉटर यांनी १८९४ मध्ये या खात्यातर्फे आहाराचे पहिले मापदंड छापले. त्यानंतरची साठेक वर्षं या दोन कामांत भांडण नव्हतं. लोकांमध्ये जीवनसत्त्वांची, खनिजांची उणीव होती. ‘सगळं खा, भरपूर खा’ हा सल्ला रुग्णालाही लागू पडत होता आणि शेतकऱ्यालाही. १९४३ मध्ये खात्याने अन्नाचे सात गट पाडले, त्यांत लोण्याचा गट स्वतंत्र होता! दुसऱ्या महायुद्धानंतर उणिवेचे आजार मागे पडले, अतिरेकाचे पुढे आले, आणि त्याच खात्यावर ‘कमी खा’ सांगण्याची पाळी आली. ज्याच्या मालाला बाजार मिळवून द्यायचा, त्याच्याच गिऱ्हाइकाला दुकानाच्या दारात अडवायचं. हे कोणत्याही खात्याला निभावणं कठीण आहे.

१९९१ चा वसंत ऋतू या अडचणीचा उत्तम नमुना आहे. कृषी खात्याने बरीच वर्षं खपून आहाराचा त्रिकोणी मनोरा तयार केला होता. पायाशी धान्यं, वर भाज्या-फळं, त्यावर दूध आणि मांस, टोकाला तेल-तूप-साखर. छपाईला जायच्या बेतात असताना मांस आणि दूध उत्पादकांच्या संघटनांनी तक्रार केली: आमचा माल निमुळत्या टोकाकडे, साखरेच्या शेजारी दिसतो. नुकतेच पदावर आलेले कृषिमंत्री एडवर्ड मॅडिगन यांनी तो मनोराच मागे घेतला. कारण असं दिलं, की लहान मुलांना आणि गरीब लोकांना हे चित्र कळतं का, याची चाचणी व्हायला हवी. वर्षभर चाचण्या झाल्या, सुमारे ९ लाख डॉलर खर्च झाले, आणि १९९२ च्या एप्रिलमध्ये जवळपास तोच मनोरा प्रसिद्ध झाला. फरक बारीक होते. त्यातला एक लक्षात ठेवण्याजोगा आहे: दूध-मांसाचे ‘दोन ते तीन वाटे’ हे शब्द मनोऱ्याच्या आतून काढून बाहेर, ठळक अक्षरांत आले. हे वाटे कमाल मर्यादा म्हणून वाचायचे की किमान गरज म्हणून, ते वाचणाऱ्यावर सोडलं गेलं.

साखरेची गोष्ट याहून लांबची. १९८० मध्ये अमेरिकेने अधिकृत आहार मार्गदर्शिका काढायला सुरुवात केली. पहिल्या आवृत्तीत सल्ला होता: फार साखर टाळा. १९९० मध्ये तो झाला: साखर बेताने वापरा. १९९५ मध्ये: साखर बेताची असलेला आहार निवडा. २००० सालच्या मसुद्यात तज्ज्ञांनी साखरेवर ‘मर्यादा घाला’ असं सुचवलं होतं. छापलेल्या मार्गदर्शिकेत मर्यादेची भाषा गेली आणि पुन्हा ‘बेत’ आला. वीस वर्षांत वाक्य लांबत गेलं, आणि ‘टाळा’ हे क्रियापद मात्र गळून गेलं.

पण सल्ल्याची भाषा ठरण्याआधी संशोधनाचा कल ठरतो, आणि उद्योगाचा हात तिथपर्यंतही पोचलेला असतो. २०१६ मध्ये क्रिस्टिन कर्न्स या दंतवैद्य संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी जुनी पत्रं धुंडाळून एक शोधनिबंध लिहिला. त्यातून कळलं, की १९६५ मध्ये ‘शुगर रिसर्च फाउंडेशन’ या साखर उद्योगाच्या संस्थेने हार्वर्डच्या पोषणशास्त्रज्ञांना ६,५०० डॉलर देऊन हृदयविकारावरच्या संशोधनाचा आढावा लिहून घेतला होता. कोणत्या निबंधांचा समाचार घ्यायला हवा, हे संस्थेने सांगितलं होतं; कच्चे खर्डेही तिने आधी वाचले होते. हा आढावा १९६७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. साखरेविरुद्धचा पुरावा त्यात कच्चा ठरवला गेला, चरबीविरुद्धचा पक्का. पैशांचा उल्लेख कुठेही नव्हता. अशा आर्थिक संबंधांची जाहीर नोंद हे नियतकालिक १९८४ पासून मागू लागलं.

आता यातली गुंतागुंत. त्या आढाव्याच्या तीन लेखकांपैकी एक होते मार्क हेगस्टेड. हेच हेगस्टेड १९७७ मध्ये मॅकगव्हर्न समितीचे प्रमुख शास्त्रीय आधार होते. मांस कमी खा असं सांगणाऱ्या अहवालामागे ते उभे राहिले, आणि पुढे कृषी खात्यात जाऊन १९८० च्या मार्गदर्शिकेच्या घडणीत त्यांनी मोठा वाटा उचलला. साखर उद्योगाचे पैसे घेणारा आणि मांस उद्योगाचा रोष ओढवून घेणारा माणूस एकच. त्यांचा चरबीविषयीचा अंदाज प्रामाणिक होता असं मला वाटतं. उद्योगाने त्यांच्याकडून खोटं बोलवून घेतलं नाही. ज्यांचं प्रामाणिक मत आपल्या सोयीचं आहे असे लोक त्याने शोधले, आणि त्यांचा आवाज मोठा होईल अशी व्यवस्था केली. विकत घेतलेल्या माणसाला उघडं पाडता येतं. प्रामाणिक माणसाच्या वाढवलेल्या आवाजाचं काय करायचं, याचं उत्तर अजून कोणाकडे नीटसं नाही. म्हणूनच हा प्रश्न मला जास्त भिववतो.

जागतिक आरोग्य संघटनेलाही हे चुकलं नाही. २००३ मध्ये तिच्या तज्ज्ञांनी अहवाल दिला, की आहारातल्या एकूण ऊर्जेपैकी १० टक्क्यांहून कमी ऊर्जा मुक्त साखरेतून (वरून घातलेली साखर, तसंच मध आणि फळांचा रस यांतली साखर) यावी. अमेरिकेच्या ‘शुगर असोसिएशन’ने संघटनेच्या महासंचालक ग्रो हार्लेम ब्रुंटलांड यांना पत्र लिहून बजावलं, की हा अहवाल मागे घेतला नाही तर अमेरिकेने संघटनेला देऊ केलेला ४०.६ कोटी डॉलरचा निधी रोखावा म्हणून आम्ही प्रयत्न करू. संघटनेने अहवाल मागे घेतला नाही. २०१५ मध्ये तीच १० टक्क्यांची मर्यादा अधिकृत मार्गदर्शक तत्त्व म्हणून आली, आणि ५ टक्क्यांपर्यंत खाली आलं तर आणखी बरं, अशी पुस्तीही जोडली गेली. वाकणं अटळ नसतं, याची ही नोंद आहे आणि ती मला मोलाची वाटते.

मराठी वाचकाला यातलं काही परकं वाटण्याचं कारण नाही. आहाराच्या आकड्यांमागचं राजकारण ज्यांनी जगाच्या पातळीवर उलगडलं, त्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे आघाडीवर होते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत त्यांनी मोठ्या पदावर काम केलं. १९५० आणि ६० च्या दशकांत आंतरराष्ट्रीय संस्थांचा घोष होता, की गरीब देशांची खरी उणीव प्रथिनांची आहे. त्यावर उपाय म्हणून दूध पावडरी, प्रथिनांची पिठं, नाना मिश्रणं पुढे येत होती. अमेरिकेत दुधाच्या पावडरीचे साठे शिल्लक पडलेले होते, हेही त्याच काळातलं वास्तव. सुखात्मे आकडेवारी मांडून सांगत राहिले, की भाकरी-डाळ खाणारा माणूस पोटभर जेवला तर त्याची प्रथिनांची गरज बहुतांशी भागते. उणीव आहे ती पुरेशा अन्नाची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत सी. गोपालन यांचं कामही त्याच दिशेने जात होतं. १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डोनाल्ड मॅकलॅरन यांनी ‘प्रथिनांचा मोठा फज्जा’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली त्या सगळ्या पर्वाचा हिशोब मांडला. प्रथिनांची उणीव पावडरीने भरता येते. पुरेसं अन्न हवं असेल तर जमीन, मजुरी, रेशन यांविषयी बोलावं लागतं. पहिल्या निदानात विक्रीला माल होता, म्हणून ते टिकलं.

याच सुखात्म्यांचा पुण्यात वि. म. दांडेकरांशी जो वाद झडला, तो या पुस्तकाच्या वाचकाने मुळातून वाचावा. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये गरिबीची रेषा दरडोई २,२५० उष्मांकांवर बसवली होती. सुखात्म्यांचं म्हणणं, माणसाची गरज दिवसागणिक खाली-वर होते, शरीर जुळवून घेतं, तेव्हा सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येक जण कुपोषित धरता येत नाही. हा आकडा खाली आणला की कागदावरचे लाखो भुकेले एका रात्रीत कमी होतात. दोघेही सचोटीचे, दोघेही संख्याशास्त्रात मुरलेले. पण त्यांच्या आकड्यांपैकी कोणता सोयीचा, हे शेवटी सरकारच्या तिजोरीला दिसत असतं.

आपल्याकडची रचना अमेरिकेपेक्षा एका बाबतीत बरी आहे. भारतीयांसाठीची आहार मार्गदर्शिका राष्ट्रीय पोषण संस्था काढते, आणि ती संस्था वैद्यकीय संशोधन परिषदेखाली येते, कृषी मंत्रालयाखाली नाही. मे २०२४ च्या मार्गदर्शिकेने अतिप्रक्रिया केलेल्या पदार्थांविरुद्ध बजावलं, आणि शरीर कमावण्यासाठी विकल्या जाणाऱ्या प्रोटीन पावडरी टाळा असं नाव घेऊन सांगितलं. सुखात्मे असते तर त्यांना समाधान वाटलं असतं. पण हैदराबादचं पुस्तक किती घरांत पोचतं? सरकार लोकांशी आहाराविषयी बोलतं ते रेशनच्या दुकानातून आणि शाळेच्या खिचडीतून.

२०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने ‘आनंदाचा शिधा’ दिला. १०० रुपयांत एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर, एक लिटर पामतेल. ज्या घरात सणाला गोडधोड करायची चणचण असते तिथे ही पिशवी किती मोलाची, हे मला ठाऊक आहे, आणि तिच्याकडे नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. तरीही चारांपैकी दोन वस्तू साखर आणि पामतेल का असाव्यात, शेंगदाणे किंवा गूळ का नाही, हा प्रश्न विचारायला हवा. साखर कारखाना, जिल्हा बँक आणि आमदारकी यांचं नातं ज्या राज्यात तीन पिढ्यांचं आहे, तिथे साखरेविषयी सार्वजनिक आरोग्याच्या अंगाने बोलायला सत्तेतलं कोणी सहसा धजत नाही, विरोधातलंही नाही.

अंड्याची कथा उलटी. शाळेत आठवड्यातून एकदा अंडं, न खाणाऱ्याला केळं, असा निर्णय राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा सरकारी निधी थांबला. द्यायचंच असेल तर लोकसहभागातून द्या, असं शाळांना सांगितलं गेलं. आदिवासी भागातल्या बाळांना अमृत आहार योजनेत अंडं देणारं राज्य हेच. अंडं पौष्टिक आहे की नाही यावर इथे वादच नव्हता. कोणाच्या सोवळ्याला महत्त्व द्यायचं, एवढाच प्रश्न होता, आणि ज्या मुलांच्या घरी अंडं परवडत नाही त्यांचं मत कोणी विचारलं नाही. उद्योगाच्या दबावाविषयी आपण जितकं बोलतो, तितकंच या दबावाविषयीही बोललं पाहिजे. पोटाचं नुकसान दोन्हीकडे सारखंच होतं.

एक भीती मनात आहे, ती इथेच सांगतो. हे सगळं वाचून कोणी म्हणेल, सरकार विकलं गेलेलं, शास्त्रज्ञ विकले गेलेले, मग मोबाइलवर आलेला कुठलाही उपाय काय वाईट? तसं झालं तर या पुस्तकाने नुकसानच केलं असं होईल. वर सांगितलेली बरीचशी गुपितं शास्त्रज्ञांनीच उघडी केली आहेत. भाज्या, फळं, डाळी, कडधान्यं, कमी साखर, कमी मीठ या सल्ल्याला आजवर कोणी धक्का लावू शकलेलं नाही. वाद होतो तो नाव घेण्यावरून.

आणि नाव घेण्याची लढाई आता आपल्याकडे पुडक्याच्या दर्शनी बाजूवर आली आहे. बिस्किटाचा कोणताही पुडा उलटून पाहा: साखर किती, मीठ किती, हे मागच्या बाजूला, घडीजवळ, मुंगीएवढ्या अक्षरांत, बहुतेकदा फक्त इंग्रजीत. चिलीने २०१२ मध्ये कायदा केला. बालरोगतज्ज्ञ असलेले सिनेटर गिदो खिरार्दी यांनी तो रेटून नेला, आणि २०१६ पासून तिथल्या पुडक्यांवर काळे अष्टकोन आले: साखर जास्त, सोडियम जास्त. गोड पेयांची खरेदी जवळपास एक चतुर्थांशाने घटली. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या मसुद्यात लाल रंगाच्या इशाऱ्याची तरतूद होती. उद्योगांच्या आक्षेपानंतर ती मागे पडली. २०२२ च्या मसुद्यात इशाऱ्याऐवजी तारे आले, अर्ध्यापासून पाचपर्यंत. ताऱ्यांच्या हिशोबात साखरेचे वजा गुण प्रथिनं आणि तंतू घालून भरून काढता येतात. त्यामुळे भरपूर साखरेचा पदार्थही दोन-अडीच तारे मिरवू शकतो, आणि तारा म्हटलं की आपल्याला शाबासकीच आठवते. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुडक्यांवरच्या इशाऱ्यांच्या प्रकरणी तज्ज्ञ समितीला शिफारशी देण्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली.

अंतिम नियम हाती आला की त्यात तीन गोष्टी आधी पाहाव्यात. साखर, मीठ, चरबी यांची नावं वेगवेगळी, मराठीसह स्थानिक भाषेत, पुढच्या बाजूला आहेत का. ‘जास्त’ कोणत्या आकड्यापासून धरलं आहे, आणि मसुद्यापासून अंतिम नियमापर्यंत तो आकडा किती सरकला. आणि तो सरकला त्या बैठकीला खुर्चीवर कोण कोण बसलं होतं.